विटेपलीकडची घोळ

लातूरला मावशीच्या घराला मागचे दार होते, पण मागे अंगण नव्हते. दार उघडले की न्हाणी, न्हाणीला लागून कपडे धुण्याचा दगड, आणि दगडापासून शेजाऱ्यांच्या भिंतीपर्यंत एक खाट मावेल एवढी जमीन. त्या जमिनीवर मावशीने घोळीची भाजी लावली होती. लावली होती म्हणणे तसे बरोबर नाही. घोळ कोणी लावत नाही, ती येते. पण त्या दुष्काळात गल्लीत दुसरीकडे कुठेच ती आली नाही आणि मावशीच्या न्हाणीमागे आली, म्हणून ती आपणच लावली असे मावशी सांगत असे आणि तिला कोणी अडवत नसे. अंघोळीचे पाणी, डाळ धुतल्याचे पाणी, भांडी विसळल्याचे पाणी, सगळे त्या घोळीला जाई. मावसा दाढीचे पाणीसुद्धा तिथेच ओतत. साबण लावायचा तो घोळीला सोसेल इतकाच, असा घरात दंडक होता. त्या वर्षी माझे केस कधी नीट धुतले गेल्याचे मला आठवत नाही. शिकेकाईने घोळ पिवळी पडते, असे मावशीचे म्हणणे होते.

पाणी टँकरने येई. टँकर मारुतीच्या पाराजवळ थांबे. तो यायच्या आधी घागरींचा आवाज येई, मग बायकांचा, आणि टँकरचा सगळ्यात शेवटी. दुपारी गल्लीत कसलाच आवाज नसे, कारण बोलले की तहान लागते असे सगळ्यांना वाटू लागले होते. संध्याकाळी चुलीपुढे हायब्रीड ज्वारीची भाकरी थापल्याचा आवाज घराघरातून एकाच वेळी सुरू होई आणि एकाच वेळी थांबे. भाकरीबरोबर येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, आमटी किंवा शेंगदाण्याची चटणी. भाजी म्हणून बाजारात जे मिळे ते पाहून मावशी परत येई. मग आठवड्यातून एकदा ती न्हाणीमागे जाऊन घोळीचे शेंडे खुडी, तुरीच्या डाळीत शिजवी आणि वरून लसणाची फोडणी देई. ती आंबटसर भाजी ताटात आली की घरात सणासारखे वाटे. पुढे मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ प्रकारची जेवणे जेवले. चव विसरले नाही असे मी म्हणणार नाही, चव विसरते. पण त्या भाजीकडे आम्ही तिघे कसे पाहायचो, ते लक्षात आहे.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण, गयाबाई. तिचे यजमान किसनराव, त्यांना मी मावसा म्हणे. ते कचेरीत चपराशी होते. लातूर जिल्हा तेव्हा नवाच होता. आधी सगळे उस्मानाबादला होते, मग लातूर वेगळे निघाले, आणि वेगळे निघाले म्हणजे वाटणी आली. मावसा कित्येक महिने ट्रकमधून सामान उतरवून घेत होते. टेबले, कपाटे, पंखे, कापडात बांधलेले गठ्ठे. कोणते खाते इकडे, कोणते तिकडे, कोणत्या गावाची हद्द कुठवर, हे दिवसभर ऐकून ऐकून त्यांना वाटणीचा नाद लागला होता. भाकरी मोडतानाही ते म्हणत, "हे तुमचं क्षेत्र, हे आमचं क्षेत्र." मावशी म्हणे, "अन् भांडी घासायचं कुनाचं क्षेत्र?" त्यावर मावसा म्हणत, ते अजून वरून ठरायचे आहे.

मी मूळची हिमायतनगरची. माझे वडील रेल्वेत गँगमन होते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकपर्यंतही गेले नव्हते. मी अकरावीला जायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, "नांदेड जवळ हाय. पर नांदेडात आपलं कोन हाय? लातुरात तुझी मावशी हाय." म्हणून मी लातूरला आले. निघताना फलाटावर त्यांनी एकच अट घातली. "एका दमात पास होत गेलीस तर शिक. बी.एड. बी कर. मी रूळ ठोकून ऱ्हाईन. पर एक जरी विषय राहिला का, पेटी उचलायची अन् घरला यायचं. भोकरचे पाव्हणे वाट पाहून राहिलेत." भोकरचे पाहुणे वाईट होते असे नाही. मुलगा पोस्टात होता आणि माझ्याशी तो एकदा नीट बोललाही होता. पण मला शिकायचे होते, आणि हे दुसऱ्या कोणाला सांगून पटेल असे तेव्हा वाटत नसल्यामुळे मी फक्त पास होत गेले. अशी पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत आले.

शेवटच्या वर्षी प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकाने कीटकांची एक पेटी सादर करायची होती. आमच्या बिराजदार सरांनी फुलपाखरांच्या प्रजातींच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि एकेकाला उचलायला लावल्या. प्रजाती म्हणजे घराणे आणि जाती म्हणजे त्यातली वेगवेगळी भावंडे, असे सर समजावून सांगत. माझ्या शेजारी बसणाऱ्या मंगलला डॅनॅस निघाले. ते तांबूस-केशरी फुलपाखरू रुईवर कुठेही मिळते, त्यामुळे ती त्याच आठवड्यात मोकळी झाली. मला हायपोलिम्नस निघाले. आपल्या भागात त्याच्या दोन जाती सापडतात, बोलिना आणि मिसिप्पस. दोन्हींचे नर आणि मादी पेटीत हवे होते. बोलिनाची जोडी मला कॉलेजच्या बागेत आधीच मिळाली होती. राहिले मिसिप्पस.

त्या रात्री जेवताना मी हे घरी सांगितले. मावसांनी घास थांबवला.

"फुलपाखरातबी जाती?"

"हाव, मावसा."

"अन् ह्यांच्यात रोटी-बेटी होते का?"

"एका जातीतल्या एका जातीतच. दुसऱ्या जातीशी होत नाही. म्हणून तर जात ओळखता येते."

मावसांनी थांबवलेला घास खाल्ला. मग म्हणाले, "म्हंजे तिथंबी तेच."

पुस्तकात मिसिप्पसच्या नराचे चित्र होते. पुस्तक काळ्या-पांढऱ्या छपाईचे होते, पण हे फुलपाखरू मुळातच काळे-पांढरे असल्याने त्याचे काही नुकसान झाले नव्हते. मादीचे चित्र नव्हते. खाली इंग्रजीत एक ओळ होती, नर व मादी भिन्न. सरांनी भिन्न म्हणजे मादी आकाराने मोठी, असे सांगितले. त्याच्या खालच्या ओळीत लिहिले होते की अळी काळी व काटेरी असते आणि घोळीवर वाढते. ती ओळ मी वर्गात वाचली आणि तास संपेपर्यंत मला दुसरे काही ऐकू आले नाही. कारण तशा अळ्या मी रोज पाहत होते. काळ्या, अंगभर फांद्याफांद्यांचे काटे, तांबडे डोके. मावशी त्यांना खराट्याच्या काडीवर घेऊन शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडे टाकत असे. मारत नसे. आमच्या घरी दिवेलागणीला त्रिसरण-पंचशील होई, आणि पहिलेच शील जीव न मारण्याचे. शेजाऱ्यांच्या कोंबड्या भिंतीला लागूनच फिरत, पण तो कोंबड्यांचा प्रश्न होता.

मी घरी पळत आले. मावशी काडी घेऊन बसलीच होती.

"मावशी, टाकू नको. मला पाहिजेत त्या."

"कशाला?"

"वाढवायच्यात. परीक्षेला."

"अन् त्या खातील काय?"

"घोळ."

मावशीने काडी खाली ठेवली. तिने घोळीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा घोळीकडे. "अन् मंग आपन?" ती म्हणाली.

हा प्रश्न मावसा कचेरीतून येईपर्यंत तसाच राहिला. मावसांनी टोपी काढली, पाणी प्यायले, वाफा वितीने मोजला आणि मधोमध एक वीट उभी केली. "दगडाकडचं क्षेत्र गयाबाईचं. भिंतीकडचं शकूचं. ही हद्द."

"अळ्यांना सांगितलं का?" मावशीने विचारले.

"नोटीस काढतो," मावसा म्हणाले.

अळ्या अर्थात हद्द ओलांडत. मावशी त्यांना काडीवर घेऊन विटेपलीकडे ठेवी आणि मला हाक मारी, "घे, तुझी मानसं आलती." खुडायच्या दिवशी तिच्या बाजूचे शेंडे कमी पडत. तेव्हा ती विटेपलीकडे नुसते पाही, हात घालत नसे. त्या दिवशी भाजीत डाळ जास्त असे. हे मला दिसत होते. पण बोलून मला अळ्या कमी करता आल्या नसत्या.

पुढे काय करायचे हे मावशीने विचारले तेव्हा मात्र अडचण झाली. फुलपाखरू बाहेर आले की ते क्लोरोफॉर्मच्या बाटलीत टाकून मारायचे, पंख पसरून टाचायचे. मी जेवढे सौम्य करून सांगता येईल तेवढे सांगितले. मावशीने सगळे ऐकून घेतले. "माझ्या घरात न्हाई," ती म्हणाली. "संध्याकाळी हात जोडून जीव मारनार न्हाई म्हनायचं अन् सकाळी न्हाणीमागं बाटली उघडायची. कॉलेजात काय करायचं ते कर, मी बघाया येत न्हाई. इथून जिता जीवच बाहिर गेला पायजे."

"म्हंजे गुन्हा आपल्या हद्दीत घडला न्हाई," मावसा म्हणाले. मावशीने त्यांच्याकडे पाहिले आणि ते उठून हात धुवायला गेले.

म्हणून मला वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा मिळाला. मावसांनी झाकणाला खिळ्याने भोके पाडून दिली. इतर मुली घरीच नमुने टाचून पेटीत आणत, मी जिवंत फुलपाखरू डब्यात घेऊन शहर ओलांडायची. वाटेत डबा कानाशी धरला की आत कागद फाडल्यासारखा हलका आवाज येई. मला तो दंडक फार अडाणीपणाचा वाटे. तसे मी मावशीला म्हटले नाही, पण चेहऱ्यावर दिसले असणार.

अळ्यांचे कोष झाले, तपकिरी, खडबडीत, वाळक्या काटकीसारखे, भिंतीला उलटे लटकलेले. पहिल्यांदा बाहेर आले ते काळे फुलपाखरू. मखमली काळे, पंखांवर पांढरे चंद्र, आणि उन्हात वळले की त्या चंद्रांच्या कडेने जांभळी झळाळी. पुस्तकातलाच नर. तो मी डब्यातून नेला आणि पेटीत लावला. दुसरा एक काळा नर निसटला, पण गेला नाही. तो मावसांच्या विटेवर येऊन बसला आणि तीच त्याची जागा झाली. चतुर आला की हा उठून त्याला भिंतीपलीकडे घालवी आणि परत विटेवर येई. शेजाऱ्यांच्या कोंबडीवर धावून गेला, मावसांच्या टॉवेलवर गेला. मावसा त्याला साहेब म्हणू लागले. घरी आल्यावर आधी विचारत, "साहेब जाग्यावर हायत का?" मावशी आतून सांगे, "हायत. सही चाललीय."

पण मादी येईना. मी मोठ्या आकाराचे काळे फुलपाखरू येईल म्हणून वाट पाहत होते, आणि बाकीच्या कोषांतून केशरी फुलपाखरे बाहेर पडू लागली. केशरी पंख, टोकाशी काळे, त्यात पांढरा पट्टा. हुबेहूब मंगलच्या पेटीतल्यासारखी. एक मी डब्यात घालून सरांकडे नेले. सरांनी झाकण किलकिले केले आणि लगेच लावले.

"हे डॅनॅस. रुईवरचं. तुमच्या तिकडे रुई आहे का जवळ?"

मारुतीच्या पाराशी होती. शनिवारी लोक तिची पाने माळेसाठी नेत. दुष्काळात ती एकटीच हिरवी उभी होती.

"मग झालं तर. तिथल्या अळ्या आल्या असतील सरपटत. मिसळल्या. सोडून दे यांना, उपयोग नाही."

सर चांगले होते. मला वाचायला स्वतःची पुस्तके देत, आणि मी कुठून आले हे त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारले नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे असेल हे माझ्या मनात आलेच नाही. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाचे म्हणणे आमच्या घरात पहिल्यांदाच येत होते, ते आम्ही जसेच्या तसे घेतले. मी केशरी फुलपाखरे सोडून दिली. रात्री जेवताना सांगितले की आपण इतके दिवस रुईच्या अळ्या घोळीवर वाढवत होतो. मादी नसेल तर मिसिप्पसचे गुण जाणार होते, आणि ते गेले तर मी पास होत नव्हते. हेही सांगितले. भोकरचे नाव कोणी काढले नाही. मावसांनी भाकरीची वाटणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर विटेपलीकडे एकही अळी नव्हती. कोषांची टरफले तेवढी होती. मावशी भाकरी करत होती. तिचा चेहरा काहीतरी चांगले केल्यावर असतो तसा होता.

"मावशी, अळ्या?"

"नेऊन सोडल्या त्यांच्या घरी. टँकरला गेले तवा ताटलीत घेऊन गेले. एकेक पानावर बसवली. तुझे सर म्हनले ना रुईच्या हायत. परक्या घरी कशाला उपाशी मारायच्या."

"पण त्या घोळ खात होत्या की."

"पाव्हनं बी खातंच की, लाजंकाजं," मावशी म्हणाली.

मी पाराकडे गेले. थोड्या वेळाने पदराला हात पुसत मावशीही आली. रुईच्या पानांवर एकही नवा चावा नव्हता. दोन अळ्या देठाशी मऊ होऊन लोंबत होत्या. एक खाली फुफाट्यात होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या. बाकीच्या निघून गेल्या होत्या, घोळ शोधत असतील, पण पारापासून आमच्या न्हाणीपर्यंत अळीला चालता येत नाही. मावशीने मुंग्यांतली अळी उचलून पानावर ठेवली. ती पडली. मावशीने पुन्हा ठेवली. मग आम्ही घरी आलो. दिवेलागणीला पंचशील म्हणताना मावशी पहिल्या ओळीवर थांबली. मावसांनी तिच्याकडे पाहिले नाही. थोड्या वेळाने तिने पुढचे म्हटले.

अंथरुणावर पडल्यावर मला मावशीचा राग यायला हवा होता. पण मला त्या दोन लोंबणाऱ्या अळ्या दिसत होत्या. त्या रुईच्या असत्या तर त्यांनी रुई खाल्ली असती. त्या मेल्या, पण रुईला तोंड लावले नाही. मग त्या रुईच्या नव्हत्या. इतके सरळ होते, आणि तरी मी ते अंधारात स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले, कारण ते सरांच्या विरुद्ध जात होते. सकाळी मी सरांना सांगितले. ते म्हणाले, ऊन फार आहे, अळ्या उन्हाने गेल्या असतील. तेही शक्य होते. आणि आता दाखवायला माझ्याकडे काही नव्हते.

काही नव्हते असे मला वाटले, पण कपडे धुण्याच्या दगडाच्या कडेखाली एक कोष राहिला होता. तो मावशीला दिसला. तिने मला बोलावून दाखवला आणि त्या दिवसापासून त्या दगडावर कपडे आपटणे बंद केले. ती न्हाणीत बसून हातानेच चोळायची. मावसांची पांढरी टोपी त्या आठवड्यात पिवळट राहिली. कचेरीत कोणी विचारले तर काय सांगायचे, असे त्यांनी विचारले, तर मावशी म्हणाली, "सांगा, घरी दगड कामात हाय."

परीक्षेच्या दिवशी सकाळी कोष फुटला. केशरी. मी दारातच बसले. काळी मादी येईल ही शेवटची आशा होती, ती गेली. केशरी फुलपाखरू पंख वाळवत भिंतीवर चढले. मी उठून केस विंचरायला घेतले, पेटीत मादीच्या जागी रिकामी टाचणी लावली आणि काय सांगायचे ते मनात जुळवू लागले. तेवढ्यात मावशीची हाक आली.

"शकू, बाहिर ये. न्हाई, नको येऊ." मग थोड्या वेळाने, "ये."

मावसा न्हाणीच्या दारात दाढी करत होते. त्यांनी आरसा फिरवून तोंड पलीकडे केले होते. मावशीने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला होता. वीट रिकामी होती. साहेब भिंतीवर होते, आणि केशरीला पाठीमागून जोडलेले होते. दोघांची तोंडे दोन दिशांना, पंख मिटलेले, अगदी स्थिर. मी काय पाहते आहे हे मला समजले, आणि लाज वाटायच्या आतच मी मावसांना सांगितलेले मलाच आठवले. एका जातीतल्या एका जातीतच. काळा नर होता. केशरी मादी होती. पुस्तकाने भिन्न म्हटले होते ते खरोखरच भिन्न होते.

"मावशी, डबा दे."

"त्यांचं होऊ दे आधी."

"तसंच न्यायचंय. सोडवायचं नाही."

मावशीला हे पटायला वेळ लागला नाही. उलट तिच्या दंडकात ते नीट बसत होते. तिने डबा भिंतीला लावून धरला, मी कागदाच्या कडेने त्यांना हळूच आत घेतले, ते सुटले नाहीत. झाकणाने दचकतील म्हणून मावशीने जुन्या लुगड्याचा तुकडा वरून बांधला. मावसांनी अर्धी दाढी तशीच ठेवून सायकल काढली. मी मागे कॅरिअरवर, मांडीवर डबा, पेटी खांद्याला. गंजगोलाईच्या गोल बाजाराला वळसा घालताना मावसांनी एकदाच विचारले, "हायत का?" मी कापडातून पाहिले आणि म्हणाले, "हायत." त्यांनी खड्डे चुकवत सायकल चालवली, कचेरीत साहेबांचे चहाचे कप नेताना ते जपून चालत असतील तशी.

बाहेरचे परीक्षक नांदेडहून सकाळच्या एसटीने आले होते. पापण्यांवर धूळ होती. त्यांना पाण्याचा पेला दिला होता, तो त्यांनी अर्धा पिऊन वर कागद झाकून ठेवला होता. माझी पेटी समोर ओढून त्यांनी विचारले, "गाव?"

"हिमायतनगर, सर."

"मग नांदेड सोडून इथे?"

"नांदेडला आमचं कोणी नाही, सर."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांचेही नव्हते. मग रिकाम्या टाचणीवर बोट ठेवले. "मिसिप्पसची मादी कुठे आहे?"

"डब्यात आहे, सर."

बिराजदार सर पुढे आले. "सर, मुलगी मेहनती आहे. फक्त तिची थोडी चूक झालीय, ते डॅनॅस आहे, मी तिला सांगितलं होतं…"

परीक्षकांनी कापड थोडे सैल केले. बराच वेळ ते डब्यात पाहत राहिले. खोलीत फक्त मंगलच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

"बिराजदार," ते म्हणाले, "हे दोघं काय करतायत?"

सरांनी वाकून पाहिले. ते सरळ झाले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. "बसलेत, सर."

"बसलेत," परीक्षक म्हणाले. त्यांनी खिशातून भिंग काढले आणि कापडाच्या फटीतून केशरीच्या मागच्या पंखावर धरले. मग मंगलची पेटी मागवली आणि तिच्यावर भिंग धरले. "रुईवालीला मागच्या पंखावर मधे तीन-चार ठिपके आहेत. हिला एकच, तोही वर कडेला." त्यांनी भिंग पुसले. "नांदेडला आमच्या पेटीत रुईवाली म्हणून जी आहे, तिला एकच ठिपका आहे. मी तिच्यावर शिकवतो." मग त्यांनी मला विचारले, "अळ्या रुईवर ठेवून पाहिल्या होत्या?"

"हो, सर. मेल्या. खाल्लं नाही."

"चांगला प्रयोग केलात."

"प्रयोग नव्हता, सर," मी म्हणाले.

सरांनी क्लोरोफॉर्मची बाटली आणली होती. नमुना टाचलेला हवा, असा नियम होता. परीक्षकांनी घड्याळ पाहिले. "यांचं होईपर्यंत माझी गाडी जाईल," ते म्हणाले, आणि त्यांनी गुणांच्या कागदावर सही केली.

निकाल पुढे यथावकाश लागला आणि मी पास झाले. बी.एड. झाले, शाळेत विज्ञान शिकवले, त्यावर घर उभे राहिले. त्या फुलपाखराला आता मराठीत नाव मिळाले आहे, छोटा चांदवा. मादी रुईवालीचे सोंग का घेते हेही आता मुलांच्या पुस्तकात असते. रुई कडू, म्हणून रुईवाली कडू, म्हणून पक्षी तिला सोडतात, आणि ही कडू नसून तशी दिसते. मी ते शिकवताना सरांबद्दल कधी हसले नाही. पक्षी जिथे फसतात तिथे माणूस फसला तर त्यात त्याचे काय.

त्या दिवशी मी डबा तसाच घरी आणला आणि न्हाणीमागे उघडला. साहेब विटेवर गेले. केशरी घोळीत उतरली. दोन दिवसांनी बाबा मला सुट्टीसाठी न्यायला आले. निकाल लागला नव्हता, पण परीक्षकांनी सही केल्याचे ऐकून ते दारातच थोडे उंच झाल्यासारखे वाटले. मावशीने बाबांसाठी घोळ करायचे ठरवले. भाजीची पाटी घेऊन ती मागे गेली. मीही गेले. तिने आपल्या बाजूचा पहिला शेंडा हातात धरला आणि पान उलटून पाहिले. पानाच्या पाठीवर फिकट हिरवा, मोहरीहूनही बारीक दाणा होता. दुसऱ्या पानावरही. केशरीने हद्द पाळली नव्हती. सगळी अंडी विटेच्या अलीकडे, मावशीच्या क्षेत्रात होती.

मावशी उकिडवी बसून राहिली. मग तिने मला विचारले, "अंड्यात जीव ऱ्हातो का? तू शिकलीस, तू सांग."

घरात डाळ भिजत होती. लसूण सोललेला होता. मी नाही म्हटले असते तर तिने विश्वास ठेवला असता. मी म्हटलेले खरे मानणारी ती पहिली होती.

"ऱ्हातो," मी म्हणाले.

मावशीने शेंडा सोडला आणि रिकामी पाटी घेऊन आत गेली. आम्ही येसराची आमटी खाल्ली. बाबांनी मागच्या दारातून एवढी हिरवीगार घोळ पाहिली, ताटात पाहिले, आणि मावसांना विचारले, "एवढी घोळ असून आमटी?"

"ते क्षेत्र आता आपल्याकडं न्हाई," मावसा म्हणाले.

बाबांना काय समजले मला माहीत नाही. जेवण झाल्यावर ते हात धुवायला मागे गेले. मी दारातून पाहत होते. त्यांनी हात धुतले, तांब्यात डोकावून किती उरले ते पाहिले, आणि ते पाणी विटेच्या दोन्ही बाजूंना सारखे ओतले.